पण ते लिहिलं कुणी? स्टीव्हन मॉफॅटचे एपिसोड आणि काळाचा गुंता

मागच्या उन्हाळ्यात मामा आठ दिवस राहायला आले होते. मामा म्हणजे एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, रिटायर होऊन जमाना झाला तरी अजून कुणी सुट्टे दिले की आधी मोजणार आणि मगच खिशात टाकणार. एका रात्री मॅच एकतर्फी झाली म्हणून मी म्हटलं मामा, तुम्हाला एक भारी गोष्ट दाखवतो, इंग्लिश आहे पण मी सांगत जातो, आणि ‘डॉक्टर हू’चा ‘ब्लिंक’ लावला. पाऊण तास मामा गप्प. शेवटी चष्मा काढून बनियनला पुसला आणि म्हणाले, “बाकी सगळं कळलं रे. पण ते बोलणं पहिल्यांदा लिहिलं कुणी?”

बास. या एका प्रश्नात सगळं आलं. पुढचे चार दिवस मी मामांना हेच समजावत होतो आणि खरं सांगायचं तर अर्धं त्यांनीच मला समजावलं, ते इथं लिहून ठेवतोय. स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना आधी एपिसोड बघायचेत त्यांनी बघून या, मी कुठं जात नाही.

आधी थोडं बॅकग्राउंड. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची सिरीयल १९६३ साली सुरू झाली, १९८९ ला बंद पडली, मधे १९९६ मधे एक टीव्ही पिक्चर येऊन गेला आणि २००५ ला रसेल टी डेव्हिसनं ती परत उभी केली. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा माणूस, त्याच्याकडे टार्डिस नावाची निळी पेटी, बाहेरून पोलिसांच्या जुन्या टेलिफोन बूथएवढी आणि आत वाड्यापेक्षा मोठी, तिच्यात बसून तो कुठल्याही काळात कुठंही जातो. मरायला टेकला की चेहरा बदलून परत उभा राहतो, म्हणजे नट बदलला तरी सिरीयल चालू राहते, फार हुशार सोय आहे ही. स्टीव्हन मॉफॅट हा स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा, आधी शाळेत इंग्रजी शिकवायचा, मग मुलांच्या सिरीयली, मग कॉमेडी, मग डेव्हिसच्या हाताखाली वर्षाला एखादी गोष्ट ‘डॉक्टर हू’साठी, आणि २०१० ते २०१७ पूर्ण सिरीयलचा कारभारी. ‘शेरलॉक’ पण त्याचंच, मार्क गॅटिसबरोबर. कारभारी व्हायच्या आधी वर्षाला एक गोष्ट लिहायचा ना, ते त्याचं सगळ्यात चांगलं काम असं माझं मत आहे, आणि सायन्स फिक्शनवाल्यांचा ह्यूगो पुरस्कार २००६, २००७, २००८ असा सलग तीन वर्षं त्याच्याच एपिसोडना मिळाला म्हणजे मी एकटाच असं म्हणत नाहीये.

आता ‘ब्लिंक’. ९ जून २००७ ला लागला. त्या सीझनला शूटिंगचं वेळापत्रक असं होतं की दोन एपिसोडचं काम एकाच वेळी चालणार, त्यामुळं एकात हिरो जवळजवळ नसणार. दुसऱ्या कुणी डोक्याला हात लावला असता, मॉफॅटनं काय केलं, तर हिरोला १९६९ सालात अडकवून टाकला आणि गोष्ट दिली सॅली स्पॅरो नावाच्या एका साध्या मुलीकडे, जिचं काम केरी मलिगननं केलंय, तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. व्हिलन म्हणजे दगडी पुतळे, रडणारे देवदूत. तुम्ही बघत असाल तोवर ते दगड. नजर हटली, पापणी लवली की सरकतात. आपण लहानपणी ‘स्टॅच्यू’ खेळायचो ना, तेच, फक्त इथं स्टॅच्यू तुमच्या अंगावर येतोय आणि ‘ओव्हर’ म्हणायची सोय नाही. आणि ते हात लावून मारत नाहीत, मागच्या काळात फेकून देतात. तिथं तुम्ही जगता, लग्न करता, म्हातारे होता, मरता. तुमचे इथले न जगलेले दिवस हे त्यांचं जेवण.

सॅलीची मैत्रीण कॅथी अशीच १९२० सालच्या हल शहरात जाऊन पडते. इकडे सॅली एका पडक्या घरात उभीच असते, दाराची बेल वाजते, एक माणूस पत्र देतो, म्हणतो माझ्या आजीनं सांगून ठेवलं होतं की याच तारखेला याच वेळेला इथं द्यायचं. आजी म्हणजे कॅथी. दोन मिनिटांपूर्वी जी मागच्या खोलीत होती ती. तिचं अख्खं आयुष्य होऊन गेलं, संसार झाला, मरून वीस वर्षं झाली, आणि सॅलीच्या घड्याळात दोन मिनिटं. इथं मामा पहिल्यांदा “आयला” म्हणाले.

गुंता पुढं आहे. कॅथीचा भाऊ लॅरी, त्याला सतरा डीव्हीडी सापडतात, त्या सतराही डीव्हीडींवर एक लपवलेला व्हिडिओ, त्यात डॉक्टर कॅमेऱ्यात बघून अर्धंच संभाषण बोलतोय, मधे मधे थांबतोय, जणू कुणी उत्तर देतंय. नंतर कळतं की सॅलीच्या घरात डीव्हीडी आहेत सतरा, आणि त्या ह्याच. ती त्या पडक्या घरात छोट्या प्लेअरवर तो व्हिडिओ लावते, सहज काहीतरी बोलते, आणि पडद्यावरचा डॉक्टर, जो १९६९ मधे बसून बोलतोय, तिला बरोब्बर उत्तर देतो. कसं? तर त्याच्यापुढे या संभाषणाचा कागद आहे. तो कागद कुठून आला? तर आत्ता, या खोलीत, लॅरी शेजारी बसून सॅली बोलेल ते भराभर लिहून घेतोय. डॉक्टरची वाक्यं त्याच्याकडे आधीच लिहिलेली, सॅलीची आता भरतोय. वर्षभरानं सॅलीला रस्त्यात डॉक्टर भेटतो, त्याच्यासाठी हे सगळं अजून व्हायचंय, तो हिला ओळखतसुद्धा नाही, आणि ती फोल्डर त्याच्या हातात देते, की बाबा तू कधीतरी १९६९ मधे अडकशील तेव्हा हे लागेल.

मी हे मामांना सांगताना माणसांच्या मागे पळत होतो. सॅली इथं, डॉक्टर तिथं, बिली पोलिस, त्यालाही देवदूतांनी १९६९ मधे फेकलेलं, तो म्हातारा होऊन हॉस्पिटलात. मामा म्हणाले, “तू माणसं का बघतोय? चेकिंगला गाडीत चढलं की माणसं मोजायची नसतात, माणसं चढतात उतरतात, लहान पोर मांडीवर असतंय. तिकिटाचा नंबर बघायचा. वेबिलावर स्टेजला काय नंबर लिहिलाय, आता ट्रेमधे काय नंबर आहे.”

(वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशोबाचा कागद.) मी तेव्हा हसलो, पण मॉफॅट समजून घ्यायला याच्याइतकी चांगली युक्ती मला कुठल्याच इंग्लिश लेखात सापडली नाही. माणसं सोडा, एक वस्तू पकडा, आणि ती वस्तू हातातून हातात कशी जाते तेवढं बघा.

तर पकडू फोल्डर. लॅरी लिहितो २००७ मधे. सॅली ते वर्षभर सांभाळते. २००८ मधे डॉक्टरला देते. डॉक्टर ते घेऊन १९६९ मधे पोचतो, समोर ठेवून वाचतो, व्हिडिओ बनतो. तो व्हिडिओ बिलीमार्फत डीव्हीडींवर जातो आणि २००७ मधे लॅरीसमोर लागतो, लॅरी ऐकून लिहितो. आलं का लक्षात, कागद फिरत नाहीये. कागद नवा, लॅरीनं दुकानातून आणलेला, १९६९ मधे गेला आणि तिथंच संपला. फिरतायत ते शब्द. सॅलीच्या बाजूची वाक्यं सॅलीची, ती तिनं त्या क्षणी मनानं बोलली. पण डॉक्टरच्या बाजूची? तो वाचून बोलला, लॅरीनं ऐकून लिहिलं, डॉक्टरनं तेच वाचलं. सुचलं कुणालाच नाही. मामांचा प्रश्न बरोब्बर तिथंच बोट ठेवत होता, आणि उत्तर आहे, कुणीच नाही लिहिलं.

याला बूटस्ट्रॅप पॅरडॉक्स म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलायचं, अशी कल्पना, आणि रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४१ सालच्या एका कथेच्या नावावरून हे नाव चिकटलंय. आपल्याकडे लगेच कोंबडी आधी की अंडं आधी म्हणतात पण ते नाही हे. तिथं प्रत्येक कोंबडी वेगळी, प्रत्येक अंडं वेगळं, रांग मागे मागे जात राहते. इथं एकच अंडं आहे, त्यातून एकच कोंबडी निघते आणि ती तेच अंडं घालते. रांग नाहीच, बांगडी आहे.

हा सगळा फालतूपणा आहे असं वाटत असेल तर फिजिक्सवाले पण यात पडलेत बरं का. कर्ट गोडेलनं १९४९ साली आइनस्टाइनच्या समीकरणांचं एक उत्तर काढून दाखवलं ज्यात काळाची वाट वळून परत स्वतःलाच मिळते. आपलं विश्व तसं नाही, पण समीकरणं नाही म्हणत नाहीत एवढं कळलं. मग प्रश्न आला की मागे जाऊन आजोबांना मारलं तर आपण जन्मलो कसे, तो फेमस आजोबांचा पेच. रशियन शास्त्रज्ञ इगॉर नोव्हिकोव्हचं म्हणणं असं की मागे जाता आलं तरी जे झालंय त्याच्याशी जुळेल तेवढंच तुमच्या हातून होईल, गोळी हुकेल, बंदूक अडकेल, काहीतरी होईल. आजोबांच्या पेचात गोष्ट स्वतःलाच खोडते. बूटस्ट्रॅपमधे गोष्ट स्वतःलाच जन्म देते. पहिल्यात विरोध आहे, दुसऱ्यात विरोध काहीच नाही, हिशोब चोख जुळतो, फक्त सुरुवात सापडत नाही, आणि नेमकं त्यामुळंच जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

अजून एक बारीक गोष्ट, मला फार आवडते. वस्तू जर अशी फिरत राहिली तर झिजणार ना? समजा म्हातारपणी तुम्ही मागे जाऊन तरुण स्वतःला एक घड्याळ दिलंत आणि तेच घड्याळ आयुष्यभर वापरून म्हातारपणी परत मागे नेलंत, तर प्रत्येक फेरीला ते पन्नास वर्षं जुनं होणार, आणि फेरी तर एकच आहे, म्हणजे ते जुनं असताना नवं पाहिजे. जमत नाही. शब्द झिजत नाहीत. मॉफॅटनं ‘ब्लिंक’मधे कागद नाही फिरवला, शब्द फिरवले, आणि पडद्यावर नवा कागद कोऱ्या रेघांवर भरला जाताना आपल्याला दाखवला, हे त्यानं मुद्दाम केलं की हाताच्या सवयीनं झालं देव जाणे, पण म्हणून ती गाठ इतकी घट्ट बसते.

हाच खेळ त्यानं २०१० मधे ‘द बिग बँग’मधे परत केला, मॅट स्मिथ डॉक्टर असताना. डॉक्टर एका अभेद्य पेटीत बंद. पुढच्या काळातला डॉक्टर येतो, पेटी उघडायचं हत्यार त्याच्या सोबत्याच्या, रोरीच्या हातात देतो, रोरी पेटी उघडतो, डॉक्टर बाहेर पडतो आणि मग तो मागे जाऊन रोरीला हत्यार देतो. बाहेर पडल्याशिवाय चावी देता येत नाही, चावी मिळाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ‘ब्लिंक’मधे हे पाऊण तास शिजवलंय, इथं दोन मिनिटात, डोक्यावर लाल तुर्की टोपी आणि हातात पोछा घेऊन, निव्वळ विनोद म्हणून. मला स्पष्ट सांगायचं तर इथून पुढं त्याला या युक्तीची चटक लागली आणि २०११ च्या सीझनला तर गाठीवर गाठी मारून ठेवल्या की सोडवता सोडवता जीव गेला, भावना कुठं राहिली कळेना.

भावना बघायची तर ‘द गर्ल इन द फायरप्लेस’, २००६. इथं बांगडी नाही, इथं दोन घड्याळं वेगळ्या वेगानं चालतात. ५१ व्या शतकातलं बंद पडलेलं अंतराळयान, त्यात मधेच एक फ्रेंच पद्धतीची शेकोटी, आणि शेकोटीच्या पलीकडे १८ व्या शतकातल्या एका मुलीची खोली. ती मुलगी म्हणजे पुढची मादाम द पाँपादूर, फ्रान्सच्या पंधराव्या लुईची मैत्रीण, खरी बाई, १७२१ ते १७६४. डॉक्टर इकडे क्षणभर येऊन परत जातो तोवर तिकडे महिने, वर्षं गेलेली. आपल्या भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे ना, मुलगी रेवतीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथं गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, आणि ब्रह्मदेव हसून म्हणाला अरे खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली, तुझ्या मनातली स्थळं, त्यांची नातवंडं कुणीच नाही उरलं. रेवतीचं मग बलरामाशी लग्न झालं, तिचं तरी निभावलं. इथं निभावत नाही.

वस्तू पकडायची तर इथं घड्याळ. डॉक्टर त्या लहान मुलीच्या खोलीत उभा आहे, टिकटिक ऐकू येतेय. त्याची नजर शेकोटीवरच्या घड्याळाकडे जाते. घड्याळ फुटलेलं आहे. मग टिकटिक कशाची? खोलीतलं एकमेव घड्याळ बंद असेल तर आवाज पलंगाखालून येतोय. तिथं लपलेल्या यंत्रमानवानं घड्याळ आधी फोडलं, कारण एका घड्याळाच्या टिकटिकीकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण दोन टिकटिकी ऐकू आल्या तर जातं! भयपटात दरवाजे करकरवतात, इथं फक्त एक फुटकी काच. मी पहिल्यांदा बघताना पाय वर घेऊन बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

आणि ते यंत्रमानव तिच्याच मागे का, हे डॉक्टरला शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला कळतं, शेवटच्या शॉटला, यान लांब जातं आणि त्याच्या अंगावर नाव दिसतं, मादाम द पाँपादूर. यानाला सुटे भाग पाहिजेत, यान आहे ३७ वर्षांचं, तर त्या यंत्रांच्या अडाणी हिशोबानं त्याच नावाच्या बाईचा ३७ व्या वर्षीचा मेंदू फिट बसणार. कुणी दुष्ट नाही, यंत्रं दुरुस्तीच करतायत. हेच त्याच्या २००५ च्या ‘द एम्प्टी चाइल्ड’ जोडएपिसोडमधे, १९४१ चं बॉम्ब पडणारं लंडन, गॅसमास्क लावलेलं पोर आई शोधत फिरतंय आणि त्याचा स्पर्श होईल त्याच्या चेहऱ्यावर गॅसमास्क उगवतोय. जखमा भरणाऱ्या सूक्ष्म यंत्रांनी आयुष्यात पहिला माणूस बघितला तो हा, मास्क लावलेला, त्यांना वाटलं माणूस असाच असतो, म्हणून बाकीच्यांनाही ‘नीट’ करत सुटली. शेवटी सगळे बरे होतात तेव्हा एक म्हातारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना सांगते माझा गेलेला पाय परत आला, तर ते म्हणतात लढाई चालू आहे बाई, तुमचं मोजायला चुकलं असेल. मामा यावर दोन मिनिटं हसत होते.

आता २००८ ची लायब्ररीची गोष्ट, ‘सायलेन्स इन द लायब्ररी’ आणि ‘फॉरेस्ट ऑफ द डेड’. रिव्हर साँग नावाची बाई डॉक्टरला भेटते, त्याला नावानिशी ओळखते, जवळची वागते, आणि तो तिला पहिल्यांदाच बघतोय. तिच्यासाठी ही शेवटची भेट, त्याच्यासाठी पहिली. तिच्याकडे निळी डायरी, दोघांच्या भेटींची, ती पानं चाळून विचारते अमुक झालं का, तमुक झालं का, आणि तो नाही नाही म्हणत जातो तसा तिचा चेहरा उतरत जातो.

हे समजवायला मी तक्ता काढायला घेतला, मामांनी कागद बाजूला सारला. “सांगली-स्वारगेट आणि स्वारगेट-सांगली. कराडला दोन्ही गाड्या शेजारी लागतात. तिचा पुण्याहून इथपर्यंतचा प्रवास झालाय, ह्याचा व्हायचाय. तिनं खंबाटकी बघितला, ह्यानं नाही. त्यात काय अवघड आहे.” खरंच काही नाही. (पुढच्या सीझनमधे भेटी इतक्या सरळ उलट क्रमानं होत नाहीत, मधेच उलटसुलट होतात, पण गाभा हाच.)

इथं वस्तू आहे स्क्रूड्रायव्हर, डॉक्टरचं ते सोनिक हत्यार. रिव्हरकडे त्याचं एक आहे, पुढच्या काळातल्या डॉक्टरनं दिलेलं. ती स्वतःचा जीव देऊन हजारो लोकांना वाचवते, संपते. डॉक्टर हताश बसतो, निघतो, आणि मग थबकतो. मी हिला हे दिलं का? मला तर माहीत होतं ही इथं मरणार, पुढच्या सगळ्या आयुष्यभर मला माहीत असणार, म्हणजे विचार करायला मला वर्षानुवर्षं मिळणार, मग मी नुसतंच दिलं असेल? उघडून बघतो तर आत तिच्या मनाची नक्कल साठवलेली, अजून जिवंत, विझत आलेली. आणि धावत सुटतो. स्वतःच स्वतःसाठी ठेवलेली चिठ्ठी. ते स्क्रूड्रायव्हर तिला देतानाचा प्रसंग आपल्याला बघायला मिळाला २०१५ च्या ख्रिसमसला, सात वर्षांनी! तोवर डॉक्टरचे दोन चेहरे बदलून गेलेले. आणि देतो का, तर त्यानं ते तिथं बघितलेलं असतं म्हणून. परत बांगडी, पण या वेळी हुशारीची नाही, प्रेमाची.

बरं, टाइम मशीन नव्हतं तेव्हाही हा माणूस हेच करत होता. ‘कपलिंग’ ही त्याची मैत्री-लफड्यांची कॉमेडी, २००० ते २००४, त्यात एक एपिसोड आहे ज्यात त्याच साडेनऊ मिनिटांची गोष्ट तीन वेळा दिसते, तीन बाजूंनी. पहिल्या फेरीत जे येड्यासारखं वाटतं त्याचं कारण तिसऱ्या फेरीत कळतं. म्हणजे काळाचं वेड नंतरचं, आधीचं वेड म्हणजे प्रेक्षकाला कुठली गोष्ट आधी सांगायची आणि कुठली मागे ठेवायची.

शेवटच्या रात्री मी ‘हेवन सेंट’ लावला, २८ नोव्हेंबर २०१५ चा, माझ्या मते त्याचा सगळ्यात उत्तम. जवळजवळ पूर्ण एपिसोड एकटा पीटर कपाल्डी, तेव्हाचा डॉक्टर. समुद्राच्या मधे एक गढी, आत डॉक्टर कोंडलेला, मागे एक बुरखा घातलेलं भूत सावकाश चालत येतं, कधीच धावत नाही. बाहेर जायच्या वाटेवर हिऱ्याहून चारशे पट कठीण पदार्थाची वीस फूट जाड भिंत. डॉक्टर त्या भिंतीवर बुक्क्या मारतो, तीन-चार. भूत गाठतं, तो जाळल्यासारखा होतो, दीड दिवस सरपटत वर जातो, स्वतःचा देह ऊर्जेसाठी जाळून मशीन चालू करतो, मशीन तो आला होता तसाच नवा डॉक्टर काढतं. नव्याला काहीच आठवत नाही. तो पहिल्यापासून सगळं करतो, तीच खोली, तोच दिवस, त्याच तीन-चार बुक्क्या. आकाशातले तारे बघतो तर हिशोबानं सात हजार वर्षं पुढचे. मग बारा हजार. मग सहा लाख. मग वीस लाख. दोन अब्ज वर्षांपुढे जातो आकडा, भिंत कणाकणानं झिजते आणि फुटते. बुक्क्या मारताना तो एक जुनी लोककथा बोलतो, हिऱ्याच्या डोंगरावर शंभर वर्षांनी एकदा पक्षी चोच घासतो, डोंगर संपला की अनंतकाळाचा पहिला सेकंद झाला. आपल्याकडे बौद्ध ग्रंथात कल्प किती मोठा ते असंच सांगितलंय, योजनभर उंचीचा अखंड दगडी पहाड, शंभर वर्षांनी एकदा काशीच्या मऊ कापडानं पुसायचा, पहाड झिजून जाईल पण कल्प संपणार नाही.

मी मामांना म्हटलं बघा, हा पण लूप. मामा म्हणाले, “हा कुठं लूप आहे. काळ सरळ चाललाय की, तारे पुढं गेलेत. ह्याची फक्त ड्युटी तीच आहे. तीच गाडी, तेच स्टॉप, रात्री आगारात हिशोब भरायचा आणि सकाळी वेबिल कोरं.”

बरोबर होतं त्यांचं. ‘ब्लिंक’मधे काळ वळतो, इथं काळ सरळ जातो आणि माणूस वळत राहतो. मी इतकी वर्षं दोन्हीला एकाच डब्यात टाकत होतो.

मग त्यांनी रिमोट मागितला आणि सुरुवातीचा एक सीन परत लावायला लावला. डॉक्टर समुद्रात उडी मारतो, ओला होऊन वर येतो, तर शेकोटीपुढं कपडे वाळत घातलेले, अगदी त्याच्याच मापाचे. तो ते घालतो आणि आपले ओले तिथं वाळत टाकतो. म्हणजे पुढच्यासाठी. आणि हे वाळलेले आधीच्याचे.

“आता सांग,” मामा म्हणाले, “पहिल्या खेपेला इथं कुणाचे कपडे होते?”

मी म्हटलं कुणाचेच नाही मामा, पहिल्या खेपेला तो आपले ओले तिथंच टाकून तसाच पुढं गेला असणार.

“तसाच म्हणजे?”

“तसाच.”

मामांनी पडद्याकडं बघितलं, दरवाज्याकडं बघितलं, मामी आत झोपली होती. “बरं झालं तेवढं दाखवलं नाही,” म्हणाले आणि उशी घेऊन झोपायला गेले.